निवृत्त लढाऊ विमानांचे पुढे काय होते? मिग-२१ च्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांनी भारतीय हवाई दलासाठी शेवटची भरारी घेतली आणि बासष्ट वर्षांची सेवा संपली. त्या दिवसाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी आणि वैमानिकांचे पाणावलेले डोळे लोकांच्या लक्षात राहिले. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विमानांचे काय झाले असेल, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. ज्यांना तो पडला त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. मुख्य उदाहरण मिग-२१ चे घेतले आहे, कारण या विमानांचा मोठा भाग नाशिकजवळच्या ओझरला घडला. जेथे दुसऱ्या विमानाचे किंवा दुसऱ्या देशाचे उदाहरण अधिक बोलके आहे, तेथे ते दिले आहे.

साऱ्या मिग-२१ विमानांची सेवा एकाच दिवशी संपली का?

नाही. चंदीगडचा समारंभ हा शेवटच्या विमानांचा निरोप होता. 'मिग-२१' या एका नावाखाली हवाई दलाने अनेक पिढ्यांची विमाने वापरली आणि प्रत्येक पिढी आपापल्या वेळी निवृत्त होत गेली. 'टाइप ७७' या नावाने ओळखले जाणारे मिग-२१ एफएल डिसेंबर २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा येथे निवृत्त झाले. त्यानंतर उरली ती प्रामुख्याने 'बायसन', म्हणजे मिग-२१ बिस या प्रकाराला नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे आणि वैमानिकाच्या शिरस्त्राणावरील नेमदर्शक देऊन अद्ययावत केलेली विमाने. त्यांच्याही तुकड्या एकेक करून बंद झाल्या. २०२५ मध्ये निरोप घेतलेले विमान हे १९६३ मध्ये आलेले विमान नव्हते, हे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेच गैरसमज टळतील.

विमान निवृत्तीस आले हे कशावरून ठरते?

लढाऊ विमानाचे आयुष्य दोन घड्याळांवर मोजले जाते. पहिले घड्याळ उड्डाणतासांचे आणि दुसरे दिनदर्शिकेचे. विमान उडाले नाही तरी दुसरे घड्याळ चालूच राहते, आणि दोहोंपैकी जे आधी संपेल ते निर्णायक ठरते.

उड्डाणतासांचे घड्याळ धातूच्या थकव्याशी बांधलेले आहे. लढाऊ विमान जोराने वळते तेव्हा पंखाच्या मुळाशी असलेल्या मुख्य तुळईवर विमानाच्या वजनाच्या सहा-सात पट भार येतो आणि वळण संपताच तो उतरतो. तार वारंवार वाकवली की ती एका क्षणी तुटते, तसेच येथे घडते. फरक इतकाच की येथे भेग एखाद्या रिव्हेटच्या छिद्रापाशी केसाहूनही बारीक सुरू होते आणि बराच काळ डोळ्यांना दिसत नाही. ती शोधण्यासाठी क्ष-किरण, ध्वनिलहरी आणि रंगद्रव्याच्या चाचण्या कराव्या लागतात. त्यामुळे तास मोजतानाही सरळ उड्डाणाचा तास आणि हवाई युद्धाच्या सरावाचा तास सारखा धरता येत नाही.

दिनदर्शिकेचे घड्याळ गंज, रबर आणि तारांचे असते. इंधनाच्या टाकीतील सील कडक होतात, तारांवरील वेष्टन ठिसूळ होते आणि दोन पत्रे जेथे एकमेकांवर बसतात त्या फटीत ओलावा शिरून आतल्या आत पापुद्रे सुटू लागतात. समुद्रकाठच्या तळावर हे अधिक वेगाने होते.

यांखेरीज एक तिसरे कारण आहे. सरकारी उत्तरांत ते फारसे येत नाही, पण प्रत्यक्षात बहुधा तेच अखेरचा निर्णय घडवून आणते. सुटा भाग बनवणारा कारखानाच बंद झालेला असतो. ज्या देशात तो भाग घडत असे तो देशही उरलेला नसतो, हे सोव्हिएत विमानांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. अशा वेळी एक विमान उडते ठेवण्यासाठी दुसरे उघडावे लागते, आणि ताफा कागदावर जेवढा असतो तेवढा धावपट्टीवर नसतो.

आयुष्य संपले असे ठरल्यावरही ते वाढवता येते का?

येते. कारखान्यात विमान पूर्ण उघडून तपासतात, थकलेले भाग बदलतात, तुळईची छिद्रे पुन्हा घासून मोठी करतात आणि मग आणखी काही वर्षांची किंवा तासांची मुभा दिली जाते. हे काम प्रामाणिकपणे केले तर ते सुरक्षित असते. मात्र दर वाढीगणिक तपासण्यांमधील अंतर कमी होत जाते, विमान हँगरमध्ये अधिक आणि आकाशात कमी राहते, आणि खर्चाचे गणित उलटे फिरू लागते.

मग मिग-२१ इतकी वर्षे का ठेवले? त्याला 'उडती शवपेटी' म्हणत, ते खरे होते का?

हे नाव ज्या आकड्यांतून आले ते आकडे गंभीर आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक यांच्यासह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतरही अपघात झाले. मे २०२३ मध्ये राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात एक बायसन घरावर कोसळले आणि तीन ग्रामस्थांचा मृत्यू झाला; वैमानिक सुखरूप बाहेर पडला होता. विमान जुने होणे ही फक्त हवाई दलाची अंतर्गत बाब नसते, हे त्या घरातल्या माणसांनी जीव देऊन भोगले.

तरीही सगळा दोष विमानाच्या वयावर टाकणे अन्यायाचे होईल. मिग-२१ हे उंचावर झेपावून शत्रूच्या बॉम्बफेक्या विमानांना गाठण्यासाठी घडवलेले, एका इंजिनाचे, त्रिकोणी छोट्या पंखांचे यंत्र होते. धावपट्टीवर उतरताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर असे आणि चुकीला क्षमा नसे. अशा विमानावर आपण दीर्घकाळ नवशिक्या वैमानिकांना धाडत राहिलो, कारण प्रशिक्षणाच्या पायऱ्यांमध्ये आवश्यक असलेले प्रगत प्रशिक्षण विमान 'हॉक' आपल्याकडे २००८ पर्यंत आले नाही. जमिनीलगत बॉम्बफेक करण्यासारखी जी कामे या विमानासाठी आखलेली नव्हती, तीही त्याच्याकडून करून घेतली गेली. त्याच विमानाने १९७१ च्या डिसेंबरात ढाक्यातील गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे 'अटलांटिक' विमान पाडले, हेही विसरता येत नाही.

ते इतके लांबले याचे कारण मात्र एकच आहे. बदली विमान वेळेवर आले नाही. हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८० च्या दशकात मिग-२१ ची जागा घेण्यासाठीच सुरू झाला आणि तेजसची पहिली तुकडी उभी राहिली ती जुलै २०१६ मध्ये. निवृत्तीची तारीख विमानाच्या प्रकृतीवरून ठरली पाहिजे. ती नव्या विमानाच्या विलंबावरून ठरू लागली की त्या विलंबाची किंमत विमानतळावर चुकवावी लागते. या विषयावरील आमचे मत कोणी विचारले तर ते इतकेच आहे आणि ते आम्ही ठामपणे मांडतो.

नाशिकचा या विमानाशी नेमका काय संबंध?

१९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाल्यावर मिग-२१ भारतात बनवण्याचे ठरले आणि १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला उभा राहिला. त्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीला तयार भाग जोडले जात. पुढे कच्च्या धातूपासून संपूर्ण विमान येथेच घडू लागले. भारतात बनलेल्या मिग-२१ ची संख्या साडेसहाशेच्या वर गेली.

त्यानंतर मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय येथेच तयार झाली. बायसनचे अद्ययावतीकरणही ओझरलाच झाले. शेजारीच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे आणि हवाई दलाच्या अशा सर्व दुरुस्ती डेपोंवर देखरेख ठेवणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. विमानाचे आयुष्य वाढवणे आणि ते संपल्याचे मान्य करणे, या दोन्ही कामांचे ज्ञान महाराष्ट्रात जेवढे एकवटलेले आहे तेवढे फार थोड्या ठिकाणी असेल. नाशिक, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात अशी कुटुंबे आहेत ज्यांच्या दोन पिढ्यांनी याच विमानावर काम केले. कलाईकुंडा, जोधपूर आणि चंदीगड येथील निरोप समारंभ त्यांच्या घरचेही होते.

शेवटच्या उड्डाणानंतर सर्वांत आधी काय करतात?

विमान निर्धोक करतात. सामान्य वाचकाला वाटते की क्षेपणास्त्रे उतरवली की काम झाले. प्रत्यक्षात रिकाम्या दिसणाऱ्या लढाऊ विमानात स्फोटकांची बरीच काडतुसे असतात. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली रॉकेट आणि काडतुसे असतात. कॉकपिटवरचे काचेचे झाकण उडवण्यासाठी, पंखाखालची जादा टाकी सोडण्यासाठी, आग विझवण्याची बाटली फोडण्यासाठी आणि शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारे ज्वालागोळे सोडण्यासाठीही काडतुसेच लागतात. आसनातील काडतूस जमिनीवर चुकून पेटले तर जवळच्या माणसाचा जीव जातो. म्हणून शस्त्रागाराचे प्रशिक्षित कर्मचारी प्रत्येक काडतूस यादीप्रमाणे काढतात, मोजतात आणि नोंदवहीत सही करतात. जुन्या काडतुसाची मुदत संपली म्हणजे ते निष्क्रिय झाले असे नसते. उलट ते कसे वागेल याची खात्री उरलेली नसते.

यानंतर इंधन, हायड्रॉलिक तेल, ऑक्सिजन आणि दाबाखालची हवा काढून घेतात. टाक्यांमध्ये उरलेली वाफ द्रव इंधनापेक्षा अधिक धोकादायक असल्याने टाक्या धुऊन कोरड्या कराव्या लागतात, आणि हे केल्याशिवाय कापणीची ठिणगी विमानाजवळ येऊ देता येत नाही.

मग सुटे भाग काढून वापरतात का?

त्याच जातीची विमाने ताफ्यात उरली असतील तर नक्कीच, आणि ही निवृत्त विमानाची सर्वांत मोठी किंमत असते. ब्रिटनने २०११ मध्ये आपली ७२ निवृत्त हॅरियर अमेरिकेला ११६ दशलक्ष पौंडांना विकली ती उडवण्यासाठी नव्हे, तर अमेरिकी मरीन दलाच्या हॅरियरना सुटे भाग मिळावेत म्हणून. भारताची जग्वार विमाने याच मार्गावर टिकून आहेत. फ्रान्सने २००५ मध्ये, ब्रिटनने २००७ मध्ये आणि ओमानने २०१४ मध्ये जग्वार निवृत्त केल्यावर हे विमान उडवणारा आपणच एक देश उरलो, आणि फ्रान्सकडून मिळालेल्या जुन्या जग्वारांचे भाग आपल्या विमानांच्या कामी आले. २०२५ या एका वर्षात आपली तीन जग्वार कोसळली, तेव्हा हा मार्ग किती लांब ताणायचा याचा विचार आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

मिग-२१ च्या बाबतीत चित्र वेगळे आहे. ताफ्यात त्याचे भावंड उरलेले नाही, त्यामुळे इंजिन, चाके, पंखांचे भाग यांना आपल्याकडे घर नाही. बायसन जी आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रे वाहत असे ती मात्र सुखोई आणि मिग-२९ यांनाही चालतात.

सुटा भाग काढताना धातूपेक्षा कागद महत्त्वाचा असतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रत्येक भागाला स्वतःचे नोंदपत्र असते. तो कधी बसवला, किती तास चालला, केव्हा दुरुस्त झाला, कोणी तपासला, हे त्यावर लिहिलेले असते. हे पत्र हरवले तर नवाकोरा दिसणारा पंपही भंगारच ठरतो, कारण त्याच्यात किती आयुष्य उरले आहे हे कोणीही सांगू शकत नाही. कागदाविना भाग पुन्हा विमानात शिरणे ही जगभरच्या विमान क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे. म्हणून वापरायचे नसलेले भाग छिद्रे पाडून किंवा कापून निकामी करणे ही शिस्त पाळावीच लागते.

गोपनीय उपकरणांचे काय करतात?

शत्रू-मित्र ओळखणारे यंत्र, संदेश गुप्त ठेवणारे रेडिओ, रडारचा इशारा देणारे उपकरण आणि शस्त्रांचा संगणक आधीच काढून घेतले जातात. त्यांतील बरीचशी पुढे जतन न करता नष्टच केली जातात.

कधी कधी संपूर्ण विमानच गोपनीय असल्यासारखे वागवावे लागते. अमेरिकेच्या नौदलाने सप्टेंबर २००६ मध्ये एफ-१४ टॉमकॅट निवृत्त केले. हे विमान अमेरिकेबाहेर फक्त इराणने घेतले होते. १९७९ च्या क्रांतीपूर्वी तेथे ७९ पोहोचली होती आणि क्रांतीनंतर इराण त्यांच्या सुट्या भागांसाठी जगभर शोध घेत होता. भंगारात गेलेला एखादा झडपेचा तुकडाही दलालांमार्फत तेहरानला पोहोचू शकतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने एफ-१४ च्या भागांची विक्री थांबवली आणि साठवलेली विमाने यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले. संग्रहालयांत थोडी उरली. त्या सुंदर विमानाचा असा शेवट पाहून अनेकांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविकच होते. पण निर्णय योग्यच होता.

याच्या उलट, विमान मोडल्याचे शत्रूला दिसावे म्हणूनही मोडतात. शस्त्रकपात करारानुसार अमेरिकेला ३६५ बी-५२ बॉम्बफेकी विमाने नष्ट करावयाची होती. ॲरिझोनात क्रेनने उचललेले सुमारे सहा टनांचे पाते वरून सोडून त्यांचे पाच तुकडे करण्यात आले आणि रशियाच्या उपग्रहांना पाहता यावे म्हणून ते तुकडे काही महिने उघड्यावर तसेच ठेवले गेले.

एका मिग-२१ च्या भंगारातून काय मिळते?

लोकांना वाटते त्यापेक्षा कमी. कोट्यवधींच्या विमानातून कोट्यवधींचा धातू निघत नाही. रिकाम्या मिग-२१ चे वजन सुमारे साडेपाच टन. त्यातील मोठा भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा, काही पोलादाचा, थोडा टायटॅनियम व मॅग्नेशियमचा. सुमारे बाराशे किलोच्या इंजिनातील उष्ण भागात निकेलचे महागडे मिश्रधातू असतात.

अडचण अशी की विमानाचे ॲल्युमिनियम भांड्यांच्या ॲल्युमिनियमसारखे नसते. एका पत्र्यात तांबे मिसळलेले असते, दुसऱ्यात जस्त, आणि त्यांत पोलादी रिव्हेट ठोकलेले असतात. सगळे एकत्र वितळवले तर जो धातू मिळतो तो पुन्हा विमानाच्या कामाचा राहत नाही. त्याचे ओतीव भाग होतात, म्हणजे एखाद्या इंजिनाचे कव्हर किंवा पंपाचे खोके. जातवार वेगळे केले तर किंमत वाढते, पण वेगळे करण्याच्या मजुरीत ती बरीचशी खर्ची पडते. मॅग्नेशियमचे भाग गॅसने कापताना पेटतात आणि त्यांच्या आगीवर पाणी मारले तर ती अधिक भडकते. म्हणून अनुभवी माणसाशिवाय हे काम करू देता कामा नये.

भारतात संरक्षण खात्याचे निर्लेखित सामान बहुधा 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून विकले जाते. घेणारा भंगार व्यापारी असतो आणि त्याच्याकडे पोहोचेपर्यंत विमान ओळखण्यापलीकडे गेलेले असावे, अशी अपेक्षा असते.

मुंबईकरांना येथे विक्रांतची आठवण येईल. १९७१ च्या युद्धातील ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये भंगारात निघाली, दारूखान्यात तोडली गेली आणि तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल २०१६ मध्ये बाजारात आली. नौकेचे पोलाद असे पुन्हा वापरणे तुलनेने सोपे असते. विमानाच्या बाबतीत ते त्या प्रमाणात जमत नाही.

जुन्या विमानात विषारी किंवा किरणोत्सारी पदार्थ असतात का?

असतात. आपल्याकडे या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमानाच्या रंगाखाली गंजरोधक थर असतो आणि त्यात क्रोमियमची कर्करोगकारक संयुगे असतात. पत्रा घासताना किंवा कापताना ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते. खिळे आणि बोल्ट यांवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो तापला की विषारी धूर होतो. जुन्या विमानांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस सापडते. विशेषतः १९५०-६० च्या दशकांतील अनेक विमानांच्या तबकड्यांवरील आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने लिहिलेले असत. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच राहतो. अशी तबकडी शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवणारे संग्राहक जगभर आहेत. त्यांनी ती कधीही उघडू नये.

भंगारात किरणोत्सारी वस्तू गेली तर काय होते, हे आपण २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत पाहिले आहे. तेथे एका विद्यापीठाचे जुने प्रयोगशाळा-यंत्र भंगारवाल्याकडे गेले, त्यातील कोबाल्टने कामगारांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. ते प्रकरण विमानाचे नव्हते, पण ज्यांच्या हातात पक्कड आणि छिन्नी असते त्या माणसाला आत काय आहे हे कोणी सांगितले नाही, ही चूक कोठेही होऊ शकते. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत आणि किरणोत्सारी वस्तूंसाठी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. लिलावाआधीच ही सफाई लष्करी तळावर झाली पाहिजे. ती भंगाराच्या गल्लीवर सोपवता येणार नाही.

अमेरिकेप्रमाणे आपण विमाने वाळवंटात जपून का ठेवत नाही?

ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळच्या डेव्हिस-मंथन तळावर हजारो विमाने उभी आहेत. तेथील हवा अत्यंत कोरडी आहे आणि माती इतकी कठीण आहे की काँक्रीट न घालताही जड विमान रुतत नाही. विमानाच्या फटी बंद करून वरून पांढरा लेप देतात, त्यामुळे आतले तापमान आटोक्यात राहते. या 'स्मशाना'तून विमाने परतही येतात. बी-५२ जातीची दोन विमाने २०१५ नंतर येथून पुन्हा हवाई दलात दाखल झाली.

आपल्याकडे राजस्थानात कोरडी हवा आहे, पण वाळूची वादळेही आहेत आणि हवामान हे खरे कारणही नाही. साठवलेले विमान परत उडवायचे तर त्याचे सुटे भाग, तंत्रज्ञ आणि वैमानिकही जपावे लागतात. मिग-२१ ची ही सारी साखळी संपत आली होती. अशा विमानाला राखीव म्हणून ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

निवृत्त विमाने चालकविरहित लक्ष्य म्हणून वापरता येतात का?

अमेरिका हे दीर्घकाळ करत आली आहे. आधी एफ-४ फँटम आणि नंतर साठवणीतील एफ-१६ विमानांवर दूरनियंत्रण बसवून क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी ती उडवली जातात. खऱ्या आकाराचे, खऱ्या वेगाचे लक्ष्य मिळते हा फायदा आहे. मात्र रूपांतराचा खर्च मोठा आहे आणि त्यासाठी विमानाच्या सांगाड्यात काही आयुष्य शिल्लक असावे लागते.

विमान गेले की स्क्वाड्रनही बरखास्त होते का?

बहुधा नाही. तिचा क्रमांक, बोधचिन्ह आणि इतिहास राखून ठेवतात आणि नवे विमान आले की तीच तुकडी पुन्हा उभी करतात. १७ क्रमांकाची 'गोल्डन ॲरोज' कारगिलच्या वेळी मिग-२१ उडवत होती, २०१६ मध्ये ती स्थगित झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राफेलसाठी अंबाल्याला पुन्हा सुरू झाली. तेजसची पहिली तुकडी म्हणजे ४५ क्रमांकाची 'फ्लाइंग डॅगर्स'. तीही पूर्वी मिग-२१ चीच.

तूर्त मात्र परिस्थिती चिंतेची आहे. मंजूर ४२ तुकड्यांपैकी मिग-२१ गेल्यावर २९ उरल्या. निरोपाच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ रोजी, सरकारने आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार केला.

खासगी व्यक्तीला निवृत्त लढाऊ विमान विकत घेता येते का?

अमेरिकेत निःशस्त्र केलेली काही जुनी सोव्हिएत विमाने, मिग-२१ सुद्धा, खासगी मालकीची आहेत आणि उडतातही. भारतात उडत्या स्थितीतील लढाऊ विमान कोणा व्यक्तीला विकले जात नाही.

भविष्यात तेजस निवृत्त होईल तेव्हाही हेच करावे लागेल का?

ते काम अधिक अवघड असेल. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या नव्या उत्पादनसाखळीतील पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. तेजसच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. हे संमिश्र गंजत नाही, पण ते वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. कापताना त्याची बारीक धूळ फुप्फुसांत जाते आणि विजेच्या उपकरणांत शिरली तर ती बिघडतात. तंतू वेगळे करण्यासाठी उच्च तापमानाच्या भट्ट्या लागतात आणि मिळालेले तंतू आखूड, कमी ताकदीचे असतात. ज्या कारखान्यात हे विमान बनते आहे तेथेच त्याच्या विघटनाचे तंत्र आतापासून विकसित करायला हवे, असे आम्हांला वाटते. त्यासाठी अजून तीस-चाळीस वर्षे हाती आहेत.

निवृत्त विमाने पाहायला कोठे मिळतील, आणि आमच्या गावात एखादे मागता येईल का?

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत आहे. पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ आहे. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदलाच्या हवाई संग्रहालयात जुन्या विक्रांतवरून उडणारे सी हॉक आणि अलिझे पाहता येतात. ११ मे २०१६ रोजी गोव्याच्याच आयएनएस हंसा तळावर निवृत्त झालेल्या सी हॅरियरची आठवणही तेथेच जपलेली आहे. दिल्लीत पालमचे हवाई दल संग्रहालय आहेच.

शैक्षणिक संस्था आणि स्थानिक प्रशासने हवाई दलाकडे निवृत्त विमानाची मागणी करू शकतात आणि अनेकांना ती मिळाली आहेत. मागण्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा. चौकात उघड्यावर उभे केलेले विमान तीन-चार पावसाळ्यांत खराब होऊ लागते. हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी आणि पक्षी आत शिरतात, टायर बसतात आणि सगळा भार चाकांच्या दांड्यावर येतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि टपकणारा गंज चौथऱ्यावर उतरतो. म्हणून तोंडे जाळीने बंद करावीत, सांगाड्याला खालून पोलादी आधार द्यावा, पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत, दर पाच वर्षांनी रंग द्यावा आणि शक्य असेल तर वर छप्पर घालावे. माहितीफलकावर विमानाचा प्रकार व क्रमांक, ते कोणत्या तुकडीत होते आणि कोठे घडले हे लिहावे. ओझरला घडलेल्या विमानाच्या फलकावर आजही बऱ्याच ठिकाणी फक्त 'रशियन बनावटीचे' एवढेच लिहिलेले दिसते. तेवढी दुरुस्ती तरी जेथे विमान उभे आहे तेथील लोकांनी करून घ्यावी.